जुन्या एच६१ बोर्डावर सॅमसंग ८७० ईव्हीओ: लग्नसराईभर वापरल्यानंतर

माझा पीसी असेंबल केलेला आहे. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय५, एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे डिस्क वगैरे सांभाळणारी मुख्य चिप) मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम. २०१२-१३च्या सुमारास जोडून घेतलेल्या पुष्कळ पीसींमध्ये हाच चिपसेट असायचा, म्हणून सविस्तर लिहितोय. काम डीटीपीचं: कोरलड्रॉ, श्री-लिपी, पत्रिका, हँडबिलं, संस्थांचे अहवाल. गणपतीच्या आधी ५०० जीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवरून विंडोज हलवून सॅमसंग ८७० ईव्हीओ या एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा साठवणारी ड्राइव्ह) आणलं, तीही ५०० जीबीचीच. आता लग्नसराई ओसरत आलीय.

पहिली गोष्ट पोर्टची. एच६१ चिपसेटचे चारही साटा पोर्ट (डिस्क केबलनं जोडायच्या जागा) सेकंदाला ३ गिगाबिटचे आहेत. केबलवरून एका बाइटमागे १० बिट जातात, म्हणजे कमाल वेग सेकंदाला ३०० एमबी. खोक्यावर ५६० लिहिलंय, माझ्याकडे क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजायच्या प्रोग्रॅममध्ये २७०च्या आसपास येतात. हे ऐकून ओळखीतल्या दोघांनी बेत रद्द केला. त्यांना मी अजून समजावतोय, कारण रोजच्या कामात तो ५६०चा आकडा क्वचितच लागतो.

कोरलड्रॉ उघडताना काय होतं ते बघा. माझ्याकडे मराठी-इंग्रजी मिळून हजारो फॉन्ट आहेत. प्रत्येक फॉन्ट म्हणजे एक छोटी फाइल, डिस्कवर कुठेतरी पडलेली. ७२०० आरपीएमच्या डिस्कला हवी ती जागा फिरून हेडखाली यायलाच सरासरी ४ मिलिसेकंद लागतात, शिवाय हेड सरकायचा वेळ वेगळा. असं हजारो वेळा. एसएसडीत फिरायला आणि सरकायला काहीच नाही. ४ केबीच्या विखुरलेल्या वाचनात जुनी डिस्क सेकंदाला १ एमबीसुद्धा गाठत नव्हती, ही २५च्या पुढे जाते. ३०० एमबीची मर्यादा त्या कामात आडवीच येत नाही. पूर्वी कोरलड्रॉवर क्लिक करून मी गिऱ्हाइकाशी मजकुराचं बोलून घ्यायचो, आता वाक्य पूर्ण व्हायच्या आत पान समोर असतं. विंडोज सुरू होऊन डिस्कची खरखर थांबेपर्यंत चार-पाच मिनिटं जायची, आता अर्ध्या मिनिटात काम सुरू.

निवडताना मी सगळ्यात जास्त वेळ डीरॅमवर, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या छोट्या जलद मेमरीवर, घालवला, आणि तो सार्थकी लागला. कुठला डेटा कुठल्या चिपमध्ये आहे याचा तक्ता एसएसडी सतत सांभाळत असते, वहीच्या अनुक्रमणिकेसारखा. स्वतःचं डीरॅम असेल तर तक्ता तिथे राहतो. नसेल तर त्याचा बराचसा भाग पुन्हा पुन्हा फ्लॅशमधून (डेटा साठवणाऱ्या, डीरॅमपेक्षा संथ चिपमधून) वाचावा लागतो, आणि ड्राइव्ह भरत आली, वर लिहिणंही चालू असलं, की अडखळणं जाणवतं. नव्या एनव्हीएमई ड्राइव्हमध्ये (साटाऐवजी जास्त वेगवान मार्गाने जोडल्या जाणाऱ्या एसएसडी) डीरॅम नसलं तरी त्यांना पीसीच्या रॅममधली थोडी जागा उसनी घेता येते. साटाला ती सोय नाही. म्हणून जुन्या मशीनसाठी साटाच घ्यायची असेल तर डीरॅमवाली घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. क्रुशियल बीएक्स५०० स्वस्त पडते, पण तिच्यात डीरॅम नाही. ४८० जीबीच्या बीएक्स५००वर १२० टेराबाइट लिखाणाची आणि ३ वर्षांची हमी, ५०० जीबीच्या ८७० ईव्हीओवर ३०० टेराबाइट आणि ५ वर्षं. नुसतं ब्राउझर आणि टायपिंग असेल तर बीएक्स५००ही हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी बरी. कोरलड्रॉच्या बॅकअप फाइल्स दिवसभर लिहिल्या जातात, माझ्यासाठी तो फरक मोलाचा होता. एवढं करूनही इतक्या महिन्यांत जेमतेम सहा-सात टेराबाइट लिहून झालेत.

विंडोज नव्याने टाकण्याऐवजी मी सॅमसंगच्या डेटा मायग्रेशननं क्लोन केलं. जुन्या सॉफ्टवेअरची लायसन्सं पुन्हा जमवणं हा मोठा ताप असतो, तो वाचला. पण क्लोन करण्याआधी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलतो ते, बघा. या काळातल्या काही बोर्डांवर तो आयडीई या जुन्या पद्धतीवर असतो आणि एसएसडीला एएचसीआय ही नवी पद्धत हवी. थेट बदललात तर विंडोज निळा स्क्रीन दाखवतं. आधी विंडोजच्या एमएस-कॉन्फिगमधून सेफ बूट लावायचं, मग बायोसमध्ये मोड बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये सुरू करायचं आणि सेफ बूटची खूण काढायची. पाच मिनिटांचं काम. नंतर विंडोजच्या ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जच्या खिडकीत सॉलिड स्टेट ड्राइव्ह असं दिसतंय ना, ते पाहून घ्या.

सगळंच पळायला लागत नाही, हेही सांगितलं पाहिजे. मोठ्या अहवालाची पीडीएफ करणं, भारी इफेक्ट लावणं ही प्रोसेसरची कामं, ती होती तिथेच आहेत. आणि एसएसडी जाते तेव्हा बहुतेकदा आवाज न करता जाते. ट्रिममुळे (पुसलेल्या फाइलची जागा रिकामी झाल्याचं विंडोज एसएसडीला कळवतं ती सोय) पुसलेली फाइलही सहसा परत मिळत नाही. जुनी हार्ड डिस्क म्हणूनच मी आत ठेवलीय, रोज संध्याकाळी कामाच्या फाइल्स तिच्यावर जातात. वीज जाण्याचा भरवसा नाही, त्यामुळे यूपीएस आहेच.

इतक्या जुन्या मशीनवर खर्च कशाला, असं विचारतात. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही, ही गोष्ट खरी. मी या मशीनचं इंटरनेट काढून टाकलंय, फाइल्स पेनड्राइव्हवर येतात-जातात. ज्यांना इंटरनेट हवंच त्यांनी याच ड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून बघावं. मशीन बदलायची वेळ आली की ही ड्राइव्ह नव्या पीसीत ६ गिगाबिटच्या पोर्टवर जाईल, किंवा यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला लागेल.