‘पर्यावरणपूरक आणि स्मार्ट’ घर बांधून घेतलं: राहून पाहिल्यावरचा अभिप्राय

मी पेशाने लेखापरीक्षक. कोणी आकडा सांगितला की तो आला कुठून, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. ‘ग्रीन’, ‘स्मार्ट’, ‘नेट झीरो’ हे शब्द एका वाक्यात आले की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. डिझाइनपासून किल्लीपर्यंत सगळं स्वतःच करणाऱ्या एका संस्थेकडून आम्ही घर बांधून घेतलं, पण त्यांच्याबद्दल लिहायला मी मुद्दाम उशीर केला. वास्तुप्रवेशाच्या उत्साहात लिहिलेल्या अभिप्रायांवर माझा विश्वास नाही. सगळे ऋतू या घरात काढले, मग लिहायला बसले. संस्थेचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्या निस्तरायला त्यांची माणसं अजून येतात.

निकाल आधीच सांगते. डिझाइन आणि बांधकामाला पाचपैकी पाच, घरातल्या ऑटोमेशनला तीन, विक्री विभागाला एक.

तो एकसुद्धा चहापाण्याच्या अगत्याबद्दल. पहिल्याच भेटीत त्यांनी आमच्या डोळ्यांवर व्हीआर चष्मे चढवले आणि न बांधलेल्या घरातून फिरवून आणलं. एकही खांब नसलेला प्रशस्त हॉल, भिंतभर काच, बाहेर वाढलेली झाडं. नवरा हरखला. माझ्या लक्षात आलं की कुठल्याही खोलीत गेलं तरी तिथे संध्याकाळच असते. म्हटलं, “ऐन उन्हाळ्यात दुपारी चार वाजता पश्चिमेच्या खोलीत काय होतं ते दाखवा.” विक्री विभागातला मुलगा जरा चाचरला आणि त्याने आतून आर्किटेक्ट बाईंना बोलावून आणलं. खरं काम तिथून सुरू झालं.

बाईंनी तेच मॉडेल उघडलं, सोफे आणि झाडं काढून टाकली आणि २१ मार्च, २१ जून, २२ डिसेंबर अशा तारखा घालून तासातासाने ऊन कुठून कुठे सरकतं ते दाखवलं. पश्चिमेचं ऊन तिरपं, जवळजवळ आडवं येतं. तिथे छज्जा कितीही बाहेर काढला तरी ते खालून आत शिरतंच. म्हणून त्यांनी जिना, न्हाणीघर आणि अडगळीची खोली पश्चिमेला नेली, निजायच्या खोल्या तिथून हलवल्या. उरलेल्या एका खिडकीला बाहेरच्या बाजूने उभ्या, सरकत्या पट्ट्या लावल्या. आतून जाड पडदा का नको, हे मी विचारलं. उत्तर मला पटलं: ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा तापतो, आणि ती उष्णता घरातच राहते. अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवायला हवं. जिन्याच्या माथ्यावर उघडणारं तावदान ठेवलं, कारण गरम हवा वर चढते आणि तिला वाट मिळाली की खालच्या खिडक्यांतून गार हवा ओढली जाते. या सगळ्याला वीज लागत नाही, ॲप लागत नाही, दुरुस्तीचा करार लागत नाही. संस्थेच्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही. तिथे पहिल्या पानावर बोलणारा आरसा आहे.

सिमेंटच्या बाबतीत मात्र त्यांनी मला बरंच शिकवलं. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण ७ ते ८ टक्के आहे. त्यातला निम्म्याहून अधिक भाग भट्टीच्या इंधनाचा नसतो. चुनखडी भाजताना तिच्यातूनच तो वायू सुटतो. म्हणजे भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी तेवढा वायू निघणारच. तेव्हा खात्रीचा उपाय एकच, काँक्रीट कमी ओतायचं. व्हीआरमधल्या त्या बिनखांबी हॉलसाठी बीम किती खोल लागतील आणि लोखंड किती वाढेल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने कागदावर मांडून दाखवलं. आम्ही मधे एक खांब मान्य केला. त्याला टेकून आता पुस्तकांचं कपाट उभं आहे आणि बिनखांबी हॉलवाचून कोणाचंही काही अडत नाही.

उरलेल्या काँक्रीटमध्ये सिमेंटचा काही भाग कमी करून पोलाद कारखान्यातल्या भट्टीच्या मळीची, म्हणजे स्लॅगची, पूड वापरली. अशा काँक्रीटला सुरुवातीची ताकद सावकाश येते, त्यामुळे सेंटरिंग लवकर खोलता येत नाही. प्लेटा अडकून पडतात म्हणून ठेकेदाराची माणसं कुरकुरायची. साइट इंजिनिअर हलला नाही. क्यूब टेस्टचा, म्हणजे काँक्रीटचे नमुना ठोकळे दाबून ताकद पाहायच्या चाचणीचा, अहवाल हातात आल्याशिवाय त्याने एक टेकू काढू दिला नाही. वेळापत्रक घसरलं, पण त्याने आम्हाला ते स्लॅब भरायच्या आधीच सांगितलं होतं.

बांधकामसामानाच्या कार्बनचा त्यांनी एक ताळेबंद दिला. मी तो नेहमीच्या सवयीने उलटा वाचला, म्हणजे टिपांपासून. टिपांमध्ये वगळलेल्या बाबींची यादी होती: फर्निचर, कुंपण, वायरिंग. काही आकडे उत्पादकांच्या जाहीर केलेल्या तक्त्यांतून घेतलेले, काही सरासरीचे, आणि कुठला कुठल्या जातीचा ते प्रत्येकासमोर लिहिलेलं. आपण काय मोजलं नाही हे आपणहून सांगणारा माणूस माझ्या पेशात क्वचित भेटतो. या एका पानामुळे माझं मत बरंचसं बनलं.

मग एअर टाइटनेसची चाचणी, म्हणजे घर किती हवाबंद आहे त्याची. मुख्य दाराच्या चौकटीत कापड ताणून पंखा बसवतात, बाकी सगळं बंद करतात आणि आतबाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक निर्माण करतात. हा दाब अगदी किरकोळ, पाण्याच्या ५ मिलिमीटर उंचीच्या थराइतका. पण पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात बुडवावी तसं घर लगेच आपली भोकं दाखवू लागतं. धुराची कांडी घेऊन आम्ही फिरलो. खिडक्या महागातल्या, त्या शाबूत होत्या. हवा येत होती ती स्विचबोर्डांच्या मागून, पाइप भिंतीतून जातात तिथून आणि एका चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून. ही चाचणी फिनिशिंगच्या आधी घेतली म्हणून सगळं बुजवता आलं. रंग झाल्यावर घेतली असती तर नुसता अहवाल फाइलला लागला असता.

पॅसिव्ह हाउस म्हणजे गरम किंवा थंड ठेवायला अगदी कमी ऊर्जा लागणारं घर. त्याचा निकष असा आहे की एवढ्या दाबाला घरातली हवा तासाभरात ०.६ पटीपेक्षा जास्त बदलू नये. तसं पहिलं घर जर्मनीत डार्मश्टाट इथे उभं राहिलं, १९९१ मध्ये लोक तिथे राहायला आले. आमचं घर त्या निकषात बसत नाही. तरी विक्रीवाल्यांच्या पत्रकावर ‘पॅसिव्ह’ असं ठळक छापलेलं होतंच. चाचणी घेणाऱ्या इंजिनिअरने माझ्यासमोर त्यावर काट मारली आणि शेजारी खरा आकडा लिहिला. एकाच संस्थेत दोन संस्था राहतात असं मला वारंवार वाटलं.

घर हवाबंद केलं की ताजी हवा मुद्दाम आणावी लागते, हे अनेकांच्या डोक्यात येत नाही. जाणाऱ्या हवेतली उष्णता येणाऱ्या हवेला देणारं यंत्र आमच्याकडे आहे आणि निजायच्या खोलीत कार्बन डायऑक्साइडचा मीटर आहे. बाहेर त्याचं प्रमाण दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास असतं. यंत्र बंद ठेवून दारं लावून झोपलं की सकाळी मीटर हजाराच्या वर गेलेला दिसतो. “डोकं जड झालंय” याला आमच्या घरात आता पुरावा लागतो. यंत्राच्या जाळ्या वेळेवर साफ कराव्या लागतात, आणि ते काम अर्थातच माझ्याकडे आलं.

आधुनिक तंत्रज्ञानातलं मला सगळ्यांत उपयोगी पडलेलं काय, तर फोनचा कॅमेरा. गिलावा करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढला होता. कुठला पाइप कुठून गेला ते सेंटीमीटरमध्ये कळतं. बाकी थ्रीडी मॉडेलनेही काम केलं: न्हाणीघराचा निचऱ्याचा पाइप थेट बीममधून जातोय हे पडद्यावरच सापडलं, नाहीतर ब्रेकर लावून बीमला भोक पाडण्याची पाळी आली असती. हे मॉडेल आयएफसी या खुल्या स्वरूपात मागून घ्या. आयएसओ १६७३९ हे त्याचं मानक आहे, आणि उद्या या लोकांनी सॉफ्टवेअर बदललं तरी फाइल दुसरीकडे उघडते. आम्हाला ते मागितल्यावरच मिळालं.

आता तक्रारी.

भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेल्या हलक्या काँक्रीट ठोकळ्यांच्या आहेत. ब्लॉक हलके, उष्णता कमी जाऊ देतात, तोपर्यंत ठीक. पण त्यांत साधा स्क्रू धरत नाही, त्यांच्यासाठी वेगळे फास्टनर येतात. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आमच्या सुतारालाही माहीत नव्हतं. स्वयंपाकघरातली मांडणी भरल्या डब्यांसकट खाली आली. संस्थेने भिंत दुरुस्त करून दिली आणि म्हणाले, “हे सगळ्यांना ठाऊक असतं.” मला नव्हतं.

सोलरबद्दल विक्रीवाल्याचं वाक्य होतं, “वीज गेली तरी तुम्हाला कळणारसुद्धा नाही.” साफ खोटं. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःहून बंद होतो, कारण लाइनवर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसता कामा नये. अंधारात दिवे हवे असतील तर बॅटरी, तिच्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि वेगळं काढलेलं सर्किट लागतं. इंजिनिअरने हे वेळेत सांगितलं म्हणून आम्ही पंखे, फ्रिज आणि जिन्याचे दिवे वेगळ्या सर्किटवर घेतले. पॅनलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते, हेही त्यानेच समजावलं. म्हणून पॅनल छपरापासून उंच उचलून बसवले आहेत, खालून वारा खेळावा म्हणून.

ऑटोमेशनचे दोन तारे कापले ते सासूबाईंच्या सांगण्यावरून. सुरुवातीला बहुतेक दिवे ॲपवर आणि आवाजावर होते, आणि ती सगळी आज्ञा इंटरनेटवरून फिरून येणारी. एका रात्री इंटरनेट बंद पडलं. सासूबाई पॅसेजमध्ये उभ्या राहून दिव्याला तीनदा हाका मारून कंटाळल्या. दुसऱ्या दिवशी आलेल्या मुलाला त्यांनी एवढंच विचारलं, “दिवा लावायला आता परवानगी कोणाची काढायची?” तो खजील झाला. “आजी, बटण बसवून देतो,” म्हणाला आणि खरोखर दिलं.

आता नियम असा केलाय की भिंतीवरचं बटण कुठल्याही परिस्थितीत चाललं पाहिजे, ॲप वरकड. नवीन घेणाऱ्यांनी मॅटर हे मानक पाळणारी उपकरणं मागावीत. २०२२ च्या ऑक्टोबरात ते आलं, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं त्यावर एकमेकांशी बोलतात आणि घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरवाचून चालू शकतात. बांधकाम चालू असेल तर केएनएक्ससारखी वायरवरची व्यवस्थाही विचारात घेता येते. दुसरं, हालचाल ओळखणारे सेन्सर वाचायच्या जागी लावू देऊ नका. ते हलणारी उष्णता ओळखतात. माणूस पुस्तकात रमला की त्यांच्या लेखी खोली रिकामी, आणि दिवा गेला.

सगळ्यांत चीड आली ती खात्याची. आमच्या घराच्या यंत्रणेचं मुख्य खातं ऑटोमेशनवाल्या उपठेकेदाराच्या नावावर होतं. मालकी आमची आणि पासवर्ड त्याचा. ते आमच्या नावावर व्हायला अनेक पत्रं लिहावी लागली.

पावसाच्या पाण्याचं थोडक्यात: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, एवढं सोपं गणित असतं. टाकीचा आकार मात्र एकूण पावसावर ठरवत नाहीत, दोन पावसांमध्ये किती काळ कोरडा जातो त्यावर ठरवतात. अंघोळीचं पाणी फ्लशला वापरायचं असेल तर त्याचे पाइप स्लॅबच्या आधी वेगळे टाकून घ्या, नंतर विषय संपतो.

वर्षभराने त्यांची इंजिनिअर बाई विजेची बिलं मागायला आली. डिझाइनच्या वेळी केलेला अंदाज आणि प्रत्यक्ष मीटर तिने शेजारी शेजारी मांडले. आमचा वापर अंदाजापेक्षा जास्त निघाला. तिने तो फरक झाकला नाही आणि आमच्या माथीही मारला नाही. नवरा घरून काम करू लागल्याने एक खोली दिवसभर थंड ठेवावी लागते, हे अंदाजात नव्हतं. शिवाय गरम पाण्याच्या हीट पंपचं टायमिंग चुकीचं लावलेलं होतं, ते तिने तिथेच बदललं. हा पंप हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, म्हणून एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता मिळते, पण हवा ऊबदार असताना, दुपारी. आमचा पहाटे चालत होता.

करार करताना मी शेवटचा हप्ता चाचण्यांच्या अहवालांना आणि कागदपत्रांना बांधून घेतला होता. अहवाल आले, मॉडेल आलं, खातं आमच्या नावावर झालं. देखभालीची पुस्तिका अजून आलेली नाही: कुठली जाळी कधी धुवायची, भिंतीला कुठला फास्टनर, इन्व्हर्टर बिघडला तर कोणाला फोन करायचा. पुढच्या आठवड्यात देतो म्हणतात. हप्ता माझ्याकडेच आहे.