हयातीचा दाखला आणि 'स्पर्श'ची (फौजी पेन्शनची ऑनलाइन यंत्रणा) कामं: सातारा एसटी स्टँडजवळचं फौजी काकांचं सेंटर

अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतले, वय ८१. दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो आणि शेतात राबून बोटांचे ठसे पार झिजलेत, त्यामुळे आधी एका ठिकाणी तीन हेलपाटे घातले आणि तिन्ही वेळा "मशीन घेत नाही, उद्या या" एवढंच ऐकून परत आलो, म्हाताऱ्या माणसाला साधी खुर्ची पण दिली नाही कोणी.

मग कोणीतरी हे सेंटर सांगितलं. काका स्वतः सैन्याच्या सिग्नल विभागातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. अण्णांना बघून आधी उठून "राम राम साहेब", मग खुर्ची, पाणी. ओल्या फडक्याने अण्णांची बोटं एकेक करून पुसली, दोनदा ट्राय केलं, नाही झालं तर मोबाईलवर चेहऱ्यावरून करू म्हणाले. त्यात पापणी मिटवायला लागते आणि अण्णा कॅमेऱ्यासमोर सावधान बसले ते हलेचनात, तेव्हा काका हळूच कानाशी म्हणाले, "साहेब, विश्राम." झालं काम. ५० रुपये.

१४ जानेवारीला परत गेलो, शेजारच्या काकूंच्या फॅमिली पेन्शनसाठी, सैन्याच्या रेकॉर्डला त्यांचं नाव वेगळं आणि आधारवर वेगळं. त्या दिवशी माजी सैनिक दिन असतो, आपल्याकडे संक्रांतीच्या गडबडीत बऱ्याच जणांना माहीतच नसतं. १९५३ ला याच तारखेला जनरल करिअप्पा रिटायर झाले म्हणून ही तारीख, आणि दुसऱ्या दिवशी १५ ला आर्मी डे, कारण १९४९ ला त्याच दिवशी ते पहिले भारतीय सेनाप्रमुख झाले. म्हणजे वर्दीतल्यांच्या आधी वर्दी उतरवलेल्यांचा दिवस येतो, मला हे फार आवडलं. शाल-नारळ, पुष्पचक्र सगळं व्हायलाच पाहिजे, पण त्या दिवशी काका कोणाकडूनच पैसे घेत नाहीत आणि काकूंचा रेकॉर्ड ऑफिसला जाणारा अर्ज त्यांनी तासभर बसून लिहिला, प्रत्येक ओळ वाचून दाखवली, मग तिळगूळ दिला. काकू बाहेर येऊन रडल्या. नवरा गेल्यापासून इतकं नीट कोणी बोललंच नव्हतं म्हणाल्या.

जागा लहान आहे, नोव्हेंबरात गर्दी होते, सकाळी लवकर जा. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), डिस्चार्ज बुक, आधार आणि आधारला लिंक असलेला मोबाईल न्या, ओटीपी येतो. अर्ज गेलाय, उत्तर आलं की इथेच लिहिते.