केटरिंग टू नोबडी: वाचून झालं, आता ओट्यावर असतं

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर डाएन मॉट डेव्हिडसनचं हे रहस्यकथा आणि पाककृती असं दोन्ही असलेलं पुस्तक मिळालं ते पावसाळ्याआधी. रहस्य केव्हाच वाचून संपलं, पण पुस्तक काही कपाटात गेलं नाही. पानांना बटरचे डाग पडलेत.

पुस्तक १९९० सालचं, गोष्ट कोलोरॅडोतल्या डोंगराळ गावातली. घटस्फोटित गोल्डी केटरिंग करून मुलाला वाढवतेय. मुलाच्या शिक्षिकेच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाची ऑर्डर तिची, आणि तिथेच तिचे माजी सासरे कोसळतात. पेयात उंदराचं औषध! पोलीस तिचा धंदाच बंद करतात, म्हणून बाई तपासाला लागते. हौस नव्हे, पोटाचा प्रश्न.

मी पार्ल्यात मुंजी-बारशांच्या छोट्या ऑर्डरी घेते, त्यामुळे हे फार पटलं. पंगतीतल्या एकाला जरी उलटी झाली, तरी पहिला प्रश्न "जेवण कोणाचं होतं?" आदल्या रात्री त्याने बाहेर काय हादडलं, ते कोणी विचारत नाही. वाढणाऱ्या बाईकडे कोणाचं लक्ष नसतं, तिला मात्र सगळं दिसतं: कोण कोणाशेजारी बसायचं टाळतंय, कोणी ताट तसंच ठेवलंय. गोल्डीचा तपास चालतो तो याच जोरावर.

रहस्य बेताचं. मधली काही पानं मी सरळ उलटली. डॉक्टर असलेला माजी नवरा हात उगारणारा. ते प्रसंग मात्र एवढ्या हलक्याफुलक्या पुस्तकात बोचतात.

पाककृती गोष्टीच्या मधेमधे येतात, ऐन वेळी सापडत नाहीत. मी कागदाच्या पट्ट्या लावल्यात. मापं अमेरिकन: बटरची 'स्टिक' ११३ ग्रॅमची, आपलं पाकीट १०० ग्रॅमचं आणि वर खारट, तेव्हा मीठ गाळायचं. कप २४० मिलीचा, आमटीची वाटी चालणार नाही. ३५० फॅरनहाइट म्हणजे ओटीजीवर (घरगुती छोट्या ओव्हनवर) १७५-१८० सेल्सिअस. ओट्स-बेदाण्यांचे 'डन्जन बार्स' आमच्याकडे सारखे होतात. साखर मी कमीच घालते. जुलैत ते उघडे ठेवले की संध्याकाळपर्यंत चिकट होतात. पूर्ण गार करून लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

गोल्डीच्या या मालिकेत १७ कादंबऱ्या आहेत, शेवटची २०१३ ची. दुसरी, 'डाइंग फॉर चॉकलेट', मागवतेय, खुनी कोण याची फार उत्सुकता नसूनही. बिनअंड्याची गिऱ्हाइकं असतील तर मात्र बेकिंगची वेगळी तजवीज करावी लागेल.