कोल्हापुरात क्रूझर : एक पावसाळा आणि एक गळीत हंगाम वापरल्यानंतर

साडेतीनशे सीसी वर्गातील एक क्रूझर, म्हणजे कमी उंचीच्या सीटवर ताठ बसून, पाय पुढे ठेवून चालवायची मोटारसायकल, मी २०२५ च्या उन्हाळ्यात घेतली आणि त्यानंतरचा संपूर्ण पावसाळा व उसाचा गळीत हंगाम तिच्यावरूनच काढला. राजारामपुरीतून गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत रोजचे जाणे-येणे आणि सुट्टीच्या दिवशी पन्हाळा किंवा गगनबावडा, असा तिचा वापर आहे. गाडीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एखाद्या कंपनीच्या गुणदोषांपेक्षा बसण्याच्या या पद्धतीबद्दल अधिक आहे, आणि विशी-पंचविशीतील मुलामुलींना ही गाडी का हवीशी वाटते याचे उत्तरही मला त्या बैठकीतच सापडले.

माझी उंची पाच फूट एक इंच आहे. धाकट्या भावाच्या दोनशे सीसी गाडीवर बसले की माझी फक्त बोटे जमिनीला टेकतात, आणि उतारावर थांबताना सगळे लक्ष रस्त्याऐवजी पायांकडे लागते. साध्या दीडशे-एकशेसाठ सीसी गाड्यांच्या सीटची उंची ८०० मिलिमीटरच्या आसपास असते. याउलट बजाज अव्हेंजर २२० ची सीट ७३७, रॉयल एनफिल्ड मीटिओर ३५० ची ७६५ आणि सुपर मीटिओर ६५० ची ७४० मिलिमीटरवर आहे. कागदावर हा फरक चार-सहा सेंटिमीटरचा दिसतो, परंतु सिग्नलला दोन्ही तळवे पूर्ण टेकवून उभे राहता येणे आणि न येणे, एवढे अंतर त्यात सामावलेले असते. म्हणूनच १९० किलोच्या आसपास वजन असूनही ही गाडी मला भावाच्या हलक्या गाडीपेक्षा कमी भीतीदायक वाटते. अर्थात हे वजन चालताना जाणवत नसले तरी महाद्वार रोडच्या गर्दीत दोन स्कूटरींच्या मधून गाडी मागे ओढताना पुरेपूर जाणवते, आणि तेव्हा कोणाला तरी हाक मारावी लागते.

दुसरे कारण इंजिनाचे आहे. भावाचे मित्र गाडीभोवती जमले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ताई, पळती किती ही?" पळण्याचे म्हणाल तर आकडे माझ्या बाजूने नाहीत. दोनशे सीसीच्या पल्सर एनएस २०० चे इंजिन मिनिटाला ९७५० फेऱ्यांवर २४.५ पीएस (अश्वशक्ती) देते, तर मीटिओरचे ३४९ सीसी इंजिन जेमतेम वीस. मात्र ज्याला आपण ओढ म्हणतो तो टॉर्क पाहिला, तर एनएस मध्ये तो १८.७ न्यूटन-मीटर असून ८००० फेऱ्यांवर मिळतो, आणि मीटिओरमध्ये २७ न्यूटन-मीटर असून ४००० फेऱ्यांवरच हाताशी येतो. सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८५.८ मिलिमीटर, अशा लांब धावेच्या रचनेचा हा परिणाम आहे. माझ्या गाडीचा स्वभावही तोच असल्याने वाघबिळाहून पन्हाळ्याकडे चढताना गिअर वारंवार उतरवावा लागत नाही. ताशी सत्तर ते पंच्याऐंशी या वेगात ती सुखी असते आणि त्यापुढे हँडलमधील थरथर सांगते की आता पुरे.

मला वाटते, खरे आकर्षण येथे आहे. तरुणांना वेगच हवा असतो, हे वडीलधाऱ्यांनी धरलेले गृहीतक आहे. पुढे झुकून बसायला लावणारी गाडी प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाडीशी शर्यत लावायला सुचवते, आणि मागे पडलात तर तो कमीपणा ठरतो. क्रूझरवर ताठ बसलेल्या माणसाला कोणी ओलांडून गेले तरी त्यात हार मानण्यासारखे काही उरत नाही. दिवसभर नोकरीत लक्ष्ये गाठणाऱ्या, किंवा परीक्षांच्या गुणांवर मोजल्या जाणाऱ्या मुलामुलींना निदान रस्त्यावर तरी कोणाशी स्पर्धा नको असते. दिसण्याचा, फोटोचा आणि रुबाबाचा भाग आहेच, आणि कोल्हापुरात रुबाब ही गौण गोष्ट कधीच नव्हती; पण रुबाब महिन्याभरात अंगवळणी पडतो, निवांतपणा मात्र टिकतो.

ही घडण मुळात अमेरिकेच्या लांबलचक सरळ रस्त्यांसाठी झालेली आहे. बजाजने २००१ मध्ये कावासाकी एलिमिनेटर आणली, २००५ मध्ये तिच्यातून अव्हेंजर घडवली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रॉयल एनफिल्डच्या थंडरबर्डची जागा मीटिओरने घेतली. रस्ते मात्र आपलेच राहिले, आणि खरी तक्रार तेथून सुरू होते. पाय पुढे असल्यामुळे खड्डा समोर दिसला तरी फूटरेस्टवर उभे राहून अंग हलके करता येत नाही. धक्का थेट माकडहाडापर्यंत पोहोचतो. पावसाळ्यात कळे-साळवण मार्गे गगनबावड्याला जाऊन आल्यावर पाठ जे बोलते, ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. पुढे करूळ घाटात गाडी थोडी अधिक झुकवली की फूटरेस्ट रस्त्याला घासतो. तो इशारा समजून वेग कमी करावा, त्याला शौर्य समजू नये.

गळीत हंगामात आणखी एक परीक्षा असते. दोन ट्रॉल्या जोडलेला, मोठ्याने गाणी लावलेला उसाचा ट्रॅक्टर ओलांडताना खालच्या फेऱ्यांवरची ओढ फार उपयोगी पडते, परंतु बाहेर आलेल्या उसाच्या मोळ्या आणि रुंद हँडल यांच्यात किती जागा ठेवायची, याचा अंदाज यायला मला बरेच दिवस लागले. शेतातून निघालेल्या टायरांची माती ओल्या डांबरावर पसरली की एवढी जड गाडी अचानक ब्रेकने सावरत नाही. १२५ सीसीवरील गाड्यांना २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट आहे.

मागे बसणाऱ्याचा विचार या गाड्या उशिरा करतात. आईने दोन फेऱ्यांनंतर स्कूटरच बरी असा निकाल दिला, म्हणून उद्यमनगरात एका कारागिराकडून पाठटेका करून घेतला व सीटचा फोमही बदलला. आता ती जोतिबापर्यंत तक्रार न करता येते. सायलेन्सर बदलण्याचा सल्ला मात्र मी मानला नाही. बीएस ६ (प्रदूषणाचे सध्याचे सरकारी निकष) गाडीच्या मूळ सायलेन्सरसोबत प्रदूषण रोखणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि रात्री गल्लीत आजारी माणसेही झोपलेली असतात, ही दोन कारणे मला पुरेशी वाटली.

ॲव्हरेज लिटरला ३२ ते ३५ किलोमीटर मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के लागला, त्यामुळे हप्त्यांवर घेणाऱ्या तरुणांसाठी हाच वर्ग व्यवहार्य उरला आहे. (माझी खरेदी त्याआधीची, त्यामुळे हा लाभ शेजारच्या मुलाला मिळाला.) घेण्यापूर्वीची चाचणी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता, मागे घरचे माणूस बसवून, खड्ड्यांच्या रस्त्यावर किमान अर्धा तास घ्यावी, आणि विक्रेत्याने नकार दिल्यास दुसऱ्या विक्रेत्याकडे जावे.