मिनी ट्रॅक्टरची अर्धी केज व्हील : पावसाळाभर वापरल्यावर

मागच्या ॲक्सलचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गळायला लागलं आणि शोरूमने वॉरंटीत बदलून द्यायला नकार दिला. कारण एकच सांगितलं, तुम्ही लोखंडी चाकं लावली होती. चाक उतरवून बघायचेही कष्ट घेतले नाहीत. ट्रॅक्टर विकताना मात्र चिखलणीला केज व्हील, म्हणजे हीच पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं लावा, असं तिथूनच सांगितलं होतं. खर्च शेवटी मी केला, पण राग अजून गेलेला नाही.

आमची भातजमीन जैतापूर खाडीच्या अंगाला. लहान लहान कुणगे म्हणजे भातखाचरं, मध्ये दगडी मेरा म्हणजे बांध. ट्रॅक्टर २४ एचपीचा, फोर व्हील. घेताना मिळालेले टायर नेहमीचे आर-१ नक्षीचे. ऊस-भातासाठी आर-२ टायर मिळतात, त्यांच्या गुट्ट्या, म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे, जवळजवळ दुप्पट उंच असतात. चिखलात उत्तम, पण आम्हाला घरापासून मळ्यापर्यंत डांबर आणि कातळ तुडवत जावं लागतं. तिथे त्या उंच गुट्ट्या झिजणार, आणि किंमत वेगळीच. धड असलेले टायर काढून एवढा पैसा घालणं मला पटलं नाही. म्हणून टायरला बाहेरून जोडायची अर्धी केज व्हील घेतली.

जूनमध्ये वरकसाची, म्हणजे चढावरच्या हलक्या जमिनीची, नांगरट करताना चाकं जागेवरच फिरायची. मग मागच्या टायरांत पाणी भरलं. व्हॉल्व्ह वर आणून तिथपर्यंत भरायचं, म्हणजे साधारण पाऊण टायर भरतो आणि वर हवेला जागा राहते. बर्फाच्या मुलुखात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात, आपल्याला विहिरीचं साधं पाणी पुरतं. चढावर फरक लगेच जाणवला. तेव्हा मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना हेच करा म्हणून सांगत सुटलो होतो. चिखलणी सुरू झाल्यावर मत बदललं. चिखलाखालचा कडक थर जिथे पातळ, तिथे हेच वजन ट्रॅक्टरला खाली ओढायला लागलं. पाणी काढलं, केज व्हील चढवली, आणि जिथे आधी अडकत होतो तिथून ट्रॅक्टर सरळ बाहेर आला. रोटाव्हेटर आणि केज व्हील मिळून चिखल असा लोण्यासारखा होतो की लावणीच्या बायकांनीही तरवा छान रुजतोय म्हणून सांगितलं.

आता बोल्टांबद्दल. या चाकांबरोबर आलेले बोल्ट बघून मला खरंच संताप आला. डोक्यावर कसलाही आकडा नाही, वर नुसता रंग. चिखलाचा भार आला की नट सैल होतो, मग पट्टीतलं भोक लंबगोल होत जातं आणि चाक खडखडायला लागतं. त्यात खाडीचा खारा वारा. डांबरी रस्त्यावर लोखंडी चाकं न्यायची नाहीत, रस्ता उखडतो, म्हणून ती सारखी काढा-घाला करावी लागतात. गंजलेला बोल्ट निघेना तेव्हा गॅस कटर आणावा लागला. एवढ्या जड चाकाला एवढे हलके बोल्ट देणाऱ्याला शेतकऱ्याच्या वेळेची किंमत कळत नाही. मी डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा लिहिलेले गॅल्व्हनाइज्ड बोल्ट आणि सहज सैल न होणारे, आत नायलॉनची कडी असलेले नायलॉक नट घातले, आट्यांना ग्रीस लावलं. कुणग्यात पहिला फेरा मारला की उतरून पाना फिरवायचा. त्यानंतर त्रास नाही. चाक घेताना हे बोल्ट दुकानदाराकडूनच मागून घ्या.

सीलकडे परत येतो. आमच्या गावच्या मेकॅनिकने चाक उतरवलं तेव्हा हबच्या आत नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळलेली सापडली. गुरांची दावी किंवा खताच्या पोत्याची शिवण, चिखलातून काहीही येतं. तिनेच सीलची कड कापली होती. केज व्हील निर्दोष आहे असं मात्र मी म्हणणार नाही. भार हबपासून जितका बाहेर जातो, तितका बेअरिंगवर आणि सीलवर ताण. आमची चाकं गरजेपेक्षा रुंद होती. लहान कुणग्यात एका बाजूचा ब्रेक दाबून वळताना ते जाणवायचं, मेरेच्या दगडातही अडकायची. वेल्डरकडून बाहेरची एक कडी कापून घेतली. चिखलात थोडं जास्त रुततं, वळायला मात्र मोकळं झालं.

रुतलात तर रिव्हर्समध्ये निघा. चाकाला ओंडका बांधून पुढे काढायला जाऊ नका. चाक अडकून ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं आणि तो मागे उलटतो.

आता चाकं धुऊन, काळं तेल लावून पडवीत ठेवली आहेत. चिखलणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी हबजवळ हात घालून दोरी बघायची, असं घरच्या पोरांना सांगून ठेवलंय. नवीन ट्रॅक्टर घेत असाल तर केज व्हील लावल्यावर ॲक्सल सीलची वॉरंटी राहते की नाही, हे शोरूमकडून पैसे भरण्याआधी लेखी घ्या.