पिसाला भाड्याची गाडी घेताना काउंटरवर 31 हजार गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं लिहितेय

मोठं होणारे हे, पण ज्यांनी युरोपात गाडीचं बुकिंग केलंय किंवा करायच्या विचारात आहेत त्यांनी प्लीज पूर्ण वाचा. मला आधी कुणी सांगितलं असतं तर आमचे पैसे वाचले असते.

मे 2024 मध्ये आम्ही पाच जण इटलीला गेलो होतो, मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. रोम झालं, मग ट्रेनने पिसा, आणि तिथून पुढे आठवडाभर सिएनाजवळ एका शेतावरच्या घरात राहायचं होतं. त्या भागातली गावं टेकड्यांवर, बस कमी, आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे गाडी हवीच होती. नवरा गाडी चालवणार म्हणून आरटीओतून 1,000 रुपये भरून त्याचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलं, इटलीत आपल्या लायसन्ससोबत ते लागतं. माझंही लायसन्स आहे पण परमिट फक्त त्याचंच काढलं, दोघांचं कशाला असं वाटलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हीच नडली.

गाडी एका बुकिंग साइटवरून घेतली. या साइट्सच्या स्वतःच्या गाड्या नसतात, त्या मधल्या एजंट असतात, गाडी तिथली लोकल कंपनी देते. सात दिवसांचे 214 युरो आणि त्याच साइटवर वेगळं 58 युरोचं इन्शुरन्स, 'फुल प्रोटेक्शन' असं लिहिलेलं. युरो तेव्हा 90 रुपयांच्या आसपास होता. सगळं मिळून साडेचोवीस हजारांत काम झालं म्हणून आम्ही खूश होतो.

पिसा स्टेशनवरून छोटी ट्रेन एअरपोर्टला जाते, तिथून गाड्यांच्या ऑफिसांपर्यंत परत बस. पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, जेवण झालेलं नव्हतं, आईला शुगर आहे, लेक सुटकेसवर बसून पेंगत होती आणि आमच्या पुढे बारा पंधरा जणांची रांग. तासाभराने नंबर लागला. हे सगळं मुद्दाम लिहितेय कारण अशा अवस्थेतला माणूस काउंटरवर काय वाचणार? आणि तिथे बसलेल्यांना ते पक्कं माहीत असतं असं माझं मत झालंय.

काउंटरवरचा मुलगा बोलायला अगदी गोड, इंग्लिश चांगलं. व्हाउचर बघितलं आणि म्हणाला, हे जे तुम्ही इन्शुरन्स घेतलंय ते आमचं नाही, ते इथे व्हॅलिड नाही. आम्ही म्हटलं अहो फुल प्रोटेक्शन आहे, पैसे भरलेत. तो म्हणाला असेल, पण ते त्या साइटचं, गाडीला काही झालं तर आम्ही तुमच्याकडूनच घेणार, आणि त्यासाठी कार्डावर 1,800 युरो ब्लॉक करावे लागतील. म्हणजे एक लाख बासष्ट हजार. नवऱ्याच्या क्रेडिट कार्डाचं लिमिट दोन लाख, त्यातले निम्मे हॉटेलांमध्ये संपलेले. कार्ड डिक्लाइन. मी माझं कार्ड पुढे केलं, त्यावर भरपूर लिमिट होतं, तर म्हणे जो मेन ड्रायव्हर त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, बायकोचं चालत नाही, डेबिट कार्ड चालत नाही. मग मला मेन ड्रायव्हर करा म्हटलं तर परमिट कुठाय.

आणि मग त्याने तोडगा काढल्यासारखं दाखवलं. आमचं कव्हर घ्या, मग डिपॉझिट फक्त 200 युरो, नाहीतर गाडी देता येणार नाही आणि बुकिंगचे पैसेही परत मिळणार नाहीत. किती, तर दिवसाला 27 युरो. शिवाय रस्त्यात बंद पडली तर मदत दिवसाला 6, आणि टोलचं यंत्र, आपल्या फास्टॅगसारखं, दिवसाला 5, ते तर हवंच नाहीतर टोलनाक्यावर अडकाल असं म्हणाला. हे दोन त्याने विचारले नाहीत, धरूनच चालला. टॅबलेट पुढे केला आणि इथे सही, इथे सही, इथे सही. बाबा मागून म्हणाले, "अहो, कशावर सही करताय ते जरा वाचून तरी घ्या." बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, कागद वाचल्याशिवाय ते पेन हातात धरत नाहीत. पण स्क्रीनवर बारीक इटालियन, मागे रांग, आईचा चेहरा उतरलेला. नवऱ्याने चार सह्या केल्या. त्याला दोष देत नाहीये, मी तिथेच उभी होते आणि मीच म्हटलं करून टाक.

बिल झालं 266 युरो, आणि त्यावर 22 टक्के व्हॅट, जो तोंडी सांगताना कुठेच नव्हता. म्हणजे 324 युरो 52 सेंट. कार्डाच्या मशीनवर युरो की रुपये असं येतं ते त्याने स्वतःच रुपये दाबलं आणि मशीन आमच्याकडे फिरवलं, त्यामुळे युरोचा भाव 95 लागला. 30,800 च्या वर रुपये गेले. गाडीच्या भाड्याच्या दीडपट!

आता यातली लबाडी नेमकी कुठे आहे ते नीट समजून घ्या, मला स्वतःला ते घरी आल्यावर कळलं. 'व्हॅलिड नाही' हे वाक्य अर्धं खरं आहे. भाड्याच्या गाडीला डॅमेजचं बेसिक कव्हर बहुतेक वेळा भाड्यातच असतं, पण त्यात एक रक्कम असते जी तुमच्या अंगावर येते, इटलीत तिला फ्रांकीजिया म्हणतात, आमच्या गाडीची 1,800 होती. बुकिंग साइटचं इन्शुरन्स ती रक्कम तुम्हाला नंतर परत देतं. म्हणजे गाडीला काही झालं तर कंपनी तुमच्या कार्डातून कापणार, मग तुम्ही कागद पाठवून इन्शुरन्सकडून घ्यायचे. त्यामुळे काउंटरवाल्याला त्या पॉलिसीशी देणंघेणं नाही हे खरं, डिपॉझिट ब्लॉक होणार हेही खरं. पण पॉलिसी चालू असतेच, तुम्हाला तिथे अजून काहीही विकत घ्यायची गरज नसते. कार्डावर तेवढं लिमिट मोकळं असलं की झालं. तो मुलगा हे सांगत नाही, तो फक्त 'व्हॅलिड नाही' म्हणतो आणि आपण घाबरतो. आमच्याकडे लिमिट नव्हतं हे खरंय, पण डिपॉझिट किती ते बुकिंगच्या अटींमध्ये आत कुठेतरी लिहिलेलं होतं आणि आम्ही ते उघडून बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर बँकेच्या अ‍ॅपवरून आधीचं बिल भरून लिमिट मोकळं केलं असतं, पाच मिनिटांचं काम. किंवा माझंही परमिट काढलं असतं.

आणि टोलचं यंत्र. पिसाहून सिएनाला आम्ही फिपिली नावाच्या हायवेने गेलो, त्याला टोल नाही. पुढे सिएना ते फ्लॉरेन्स रस्ता, त्यालाही टोल नाही. आठवडाभरात एक टोलनाका लागला नाही. काउंटरवर आम्ही कुठे चाललोय ते त्याने विचारलं होतं, आम्ही सांगितलं होतं, तरी त्याने ते यंत्र विकलं. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, रकमेचा नाही, माहीत असून विकल्याचा.

आठवडा छान गेला ते वेगळं. पण गोष्ट इथे संपली नाही.

गाडी घेताना पार्किंगमध्ये बाबांनी मोबाइलवर गाडीचा व्हिडिओ काढला होता, चारही चाकं, खाली वाकून. पुढच्या उजव्या चाकाच्या रिमवर खरचटलेलं होतं, बाबांनी तिथल्या माणसाला बोटाने दाखवलं. तो म्हणाला हे किरकोळ आहे, चाकांचं धरत नाही, आणि गाडीचं चित्र असलेला जो कागद असतो त्यावर खूण केली नाही. आम्हीही आग्रह धरला नाही. परत देताना सकाळी सातचं विमान, साडेचारला पोचलो, ऑफिस बंद, चावी पेटीत टाकायची. कुणी बघितलं नाही, कुणी सही दिली नाही.

घरी येऊन एकोणीस दिवसांनी नवऱ्याच्या मोबाइलवर मेसेज, कार्डातून 387 युरो गेले. ओटीपी नाही, फोन नाही, काही नाही. आपल्याला इथे ओटीपीची इतकी सवय असते की त्याशिवाय पैसे जाऊच शकत नाहीत असं वाटतं, पण बाहेरच्या देशातली कंपनी कार्डाचे डिटेल्स ठेवून ओटीपीशिवाय पैसे काढू शकते. मेल आला तर 342 युरो उजव्या चाकाचं रिम आणि 45 युरो त्याची प्रोसेसिंग फी. आम्ही म्हटलं तुमचं कव्हर घेतलंय की, दिवसाला 27 युरोचं! उत्तर आलं, चाकं, टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग त्यात येत नाही, तुम्ही सही केलेल्या कागदात तसं लिहिलंय. व्हिडिओ पाठवला, तर म्हणे कागदावर खूण नाही, कागदच धरणार.

मग बँकेकडे डिस्प्यूट टाकला, दोन्ही रकमांचा. काउंटरवरचे पैसे दीड महिन्याने नाकारले कारण कंपनीने सहीचा कागद पाठवला आणि सही आमचीच. चाकाचंही नाकारलं, करारात नंतर पैसे कापायची परवानगी होती म्हणून.

तेवढ्यात माझ्या भावाने विचारलं, अगं तुमचं ते 58 युरोचं होतं त्याचं काय? आम्ही ते मेलं असंच धरून चाललो होतो, तो मुलगा व्हॅलिड नाही म्हणाला होता ना. पॉलिसी उघडून वाचली तर त्यात टायर, रिम, काचा, खालचा भाग सगळं स्पष्ट लिहिलेलं! क्लेम ऑनलाइन भरला. भाड्याचा करार, कंपनीचं डॅमेजचं पत्र, रिमचं बिल, कार्डाचं स्टेटमेंट आणि बाबांचा व्हिडिओ जोडला. पाच आठवड्यांनी 342 युरो खात्यात आले, 45 ची फी मिळाली नाही. म्हणजे 58 युरोच्या पॉलिसीने जे दिलं ते व्हॅट धरून 230 युरोच्या कव्हरमध्ये नव्हतंच. जे ऐकून आम्ही एवढे पैसे भरले ती पॉलिसी पहिल्या दिवसापासून चालू होती.

तक्रार करता येते का असं बरेच जण विचारतात. युरोपियन युनियनमध्ये ग्राहकांसाठी फुकट मदत केंद्रं आहेत पण ती तिथे राहणाऱ्यांसाठी, आपल्यासारख्या टूरिस्टना नाही. 2017 मध्ये युरोपियन कमिशनने पाच मोठ्या कंपन्यांकडून एकूण किंमत आणि इन्शुरन्सच्या अटी आधीच स्पष्ट सांगू असं कबूल करून घेतलं होतं, पण लोकल छोट्या कंपन्या त्यात नव्हत्या, आणि आमची लोकलच होती. इटलीच्या स्पर्धा नियामक संस्थेनेही भाड्याच्या गाड्यांच्या कंपन्यांना अशा प्रकारांवरून याआधी दंड केलेत. आम्ही त्यांना लिहिलं, सगळे कागद जोडले, पण आपले वैयक्तिक पैसे मिळवून देणं हे त्यांचं काम नाही.

तुम्ही जाणार असाल तर बुकिंग करतानाच अटींमध्ये डिपॉझिट किती ते शोधा आणि ज्याच्या नावावर गाडी त्याच्याच क्रेडिट कार्डावर, उठावाच्या अक्षरांत नाव असलेल्या कार्डावर, तेवढं लिमिट मोकळं ठेवा, हॉटेलं दुसऱ्या कार्डावर. काउंटरवर इन्शुरन्सचं काढलं की एवढंच म्हणा, नको, डिपॉझिट ब्लॉक करा. परत विचारतील, तिसऱ्यांदाही विचारतील, तेच म्हणा. सहीच्या आधी कागद इंग्लिशमध्ये मागा, एकूण आकडा व्हॅटसकट विचारा, मशीनवर स्वतः युरो दाबा. ओरखडा कितीही लहान असू दे, कागदावर खूण करून घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. गाडी परत देताना माणूस हजर असेल अशी वेळ निवडा, नाहीच जमलं तर परत तसाच व्हिडिओ काढा, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटर दिसतील असा. आणि काउंटरवर जायच्या आधी आईबाबांना, पोरांना खायला घालून न्या, खरंच सांगते, आमची निम्मी घाई भुकेची होती.

अजून एक, ते फसवणुकीत येत नाही पण पैसे तिथेही जातात. फ्लॉरेन्स, सिएना, पिसा, लुका, सगळीकडे जुन्या गावाच्या भागात झेडटीएल असतो, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायची नाही. तिथे पोलीस नसतो, कॅमेरा असतो. मॅप सरळ आत नेतो. दंड नंतर घरी येतो, आणि तुमचं नाव पोलिसांना कळवल्याची फी कंपनी कार्डातून वेगळी कापते. सिएनाला आम्ही गाडी वेशीबाहेर लावून चालत गेलो, फ्लॉरेन्सला पोज्जीबोन्सी नावाच्या गावाहून ट्रेनने.

काउंटरचे 31 हजार काही परत आले नाहीत. कार्ड आम्ही बंद करून नवीन नंबरचं घेतलं, नाहीतर रोज मेसेज वाजला की नवरा दचकायचा. दंडाची नोटीस 360 दिवसांपर्यंत येऊ शकते असं वाचलं होतं म्हणून बाबा वर्षभर पोस्टमनला विचारत होते, इटलीहून काही आलंय का. मे 2025 मध्ये वर्ष झालं, काही आलं नाही.