जुनी कार सीट धाकट्याला द्यावी, की आत्ताच नवी घ्यावी?

मुलांच्या कार सीटला कंपनीने वापराची शेवटची तारीख ठरवलेली असते; ज्यांच्या सीटची ती तारीख उलटून गेली आहे त्यांनी नवी घ्यावी, त्यांचा प्रश्न मिटलेला आहे. सीट लावलेली असताना गाडीला जबर धडक बसली असेल तर त्यांचंही तेच. खरी ओढाताण होते ती मधल्या लोकांची. थोरलीला सीट अपुरी पडायला लागली, धाकटा आता तिच्यात बसण्याएवढा झाला, तारखेला अजून अवकाश आहे आणि कव्हर धुतलं की सीट दिसायलाही चांगली आहे. मग तीच वापरायची, की नवी आणायची? आमच्याकडे हाच प्रश्न होता आणि मी शेवटी नवी घेतली. पण जुनीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, ते आधी सांगतो.

जुन्या सीटचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तिचा इतिहास आपल्याला पाठ असतो. ती कधी पडली, किती वर्षं उन्हात उभ्या गाडीत राहिली, कुठल्या अपघातात सापडली का, हे सगळं माहीत असतं. ओळखीतून आलेल्या वापरलेल्या सीटबद्दल ही खात्री फार थोड्या वेळा देता येते, म्हणून तो तिसरा पर्याय मी या तुलनेत घेतलेलाच नाही. शिवाय जुनी सीट आपल्या गाडीत कशी घट्ट बसते हे हाताला ठाऊक झालेलं असतं. सीटबेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवली की ती अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. ते जमवायला पहिल्या वेळी जो घाम गाळावा लागतो, तो जुनीसाठी कधीच गाळून झालेला असतो.

तारखेबद्दल थोडं. बहुतेक कंपन्या ६ ते १० वर्षांची मुदत देतात आणि ती खरेदीपासून नाही, उत्पादनाच्या दिवसापासून धरतात. सीट दुकानात वर्षभर पडून असेल तर ते वर्ष आपल्याच खात्यातून गेलं. लेबल निघून गेलं असेल तर सीट उलटी करून प्लास्टिकवर पाहा. घड्याळासारखं एक छोटं गोल चिन्ह कोरलेलं सापडतं: कडेने १ ते १२ आकडे, मध्ये वर्ष आणि महिन्याकडे वळलेला बाण. तो भाग साच्यातून कधी निघाला हे त्यावरून कळतं. मुदत किती ते मात्र लेबलवर किंवा माहितीपुस्तिकेतच बघायला हवं, कारण ती कंपनी ठरवते आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची मुदतही वेगळी असू शकते.

मुदत ठेवण्यामागे कारण आहे. सांगाडा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. उन्हात उभ्या गाडीत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सहज २० अंशांनी वर चढतं, रात्री पुन्हा उतरतं आणि हे वर्षानुवर्षं चालतं. त्यात काचेतून येणारं ऊन. प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होत जातं. कव्हर काढून बॅटरीच्या उजेडात सांगाडा बघा, विशेषतः सीटबेल्ट जातो त्या खाचांच्या कडा आणि पाठ-बैठकीचा जोड. तिथे पांढरट रेषा दिसल्या तर प्लास्टिक ताणलं गेलं आहे. आतलं थर्माकोलही तपासा. धक्का बसला की चेपायचं हे त्याचं काम आहे आणि एकदा चेपलं की ते परत फुलत नाही. आमच्या सीटमध्ये यातलं काहीच नव्हतं. तपासणीत ती चक्क उत्तीर्ण झाली.

अपघाताबाबत अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाचा निकष सुटसुटीत आहे. गाडी जागेवरून स्वतः चालवत नेता आली, सीटजवळच्या दाराला इजा नाही, आत कुणाला लागलं नाही, एअरबॅग उघडली नाही आणि सीटवर दिसण्याजोगी खूण नाही. या पाचही गोष्टी जुळल्या तर धडक किरकोळ धरतात आणि सीट बदलायलाच हवी असं नाही. मात्र कित्येक कंपन्या कुठल्याही धडकेनंतर बदला असंच लिहितात. आपल्या सीटच्या पुस्तिकेत जे कडक असेल ते मानावं, असं माझं मत आहे.

आता नवीकडे. नव्या सीटमध्ये जो फरक खरोखर महत्त्वाचा आहे तो म्हणजे मूल मागे तोंड करून किती काळ बसू शकतं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान नाजूक. समोरून धडक बसली की मागे तोंड असलेल्या मुलाचं डोकं, मान, पाठ हे सगळं एकत्र सीटच्या पाठीत दाबलं जातं. पुढे तोंड असेल तर धड पट्ट्यांनी धरलेलं राहतं आणि डोकं पुढे जातं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये दोन वर्षांपर्यंत मागे तोंड ठेवा असं सांगितलं होतं. २०१८ मध्ये त्यांनी वयाची अटच काढली आणि सीटची उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत तसंच बसवा असं म्हटलं. म्हणजे आता सगळं त्या मर्यादेवर आलं.

आणि जुन्या सीटची मर्यादा नेमकी इथे तोकडी पडते. युरोपच्या जुन्या आर-४४ नियमाखालच्या कित्येक लहान सीट १३ किलोलाच थांबतात, आणि त्या नियमानुसार ९ किलोच्या मुलाला पुढे तोंड करून बसवायलाही परवानगी होती. २०१३ मध्ये लागू झालेला आर-१२९ नियम उंचीवर चालतो, १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड करू देत नाही आणि बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी सक्तीची करतो. आर-४४ मध्ये ती नव्हतीच. या नियमाच्या बऱ्याच सीटमध्ये मूल १०५ सेंटीमीटरपर्यंत मागे तोंड करून बसू शकतं. युरोपात सप्टेंबर २०२४ पासून आर-४४ च्या सीट नव्याने विकता येत नाहीत. घरात असलेली वापरायला बंदी नाही, आणि चांगली आर-४४ सीट नीट बसवली तर ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही.

पण माझा निर्णय यावरून झाला नाही. झाला तो सीटच्या पुढच्या कडेतून बाहेर येणाऱ्या पट्ट्यावरून.

ज्यांनी कव्हर काढलं आहे त्यांना रचना माहीत असेल. खांद्यांवरचे दोन पट्टे खाचांतून मागे जातात, सांगाड्यामागे एका धातूच्या पट्टीला अडकतात आणि तिथून एकच पट्टा सीटखालून पुढे येतो. तो ओढला की सगळा हार्नेस घट्ट होतो, कापडाखालची कळ दाबली की सैल. आमच्या सीटचा हा पट्टा दरवर्षी थोडा जड होत गेला. शेवटी शेवटी एका हाताने सीटची कड धरून दुसऱ्याने ताकद लावून ओढावं लागायचं. मी ओढला की हार्नेस घट्ट बसायचा. बायकोने ओढला की बहुतेकदा बसायचा. आईच्या अंगठ्याचा सांधा दुखतो. ती नातवाचं बकल लावायची, पट्ट्याला एक हिसका द्यायची, ‘बसला रे नीट’ म्हणायची आणि दार लावून घ्यायची. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

हार्नेस पुरेसा घट्ट आहे का हे बघायची रीत सोपी आहे. गळ्याच्या हाडाजवळ पट्टा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत उभा धरायचा. घडी चिमटीत आली तर तो सैल. आजीने बसवलेल्या दिवशी भरघोस घडी यायची. हा सैलपणा धडकेच्या वेळी मुलाला पुढे जायला मोकळी जागा देतो. पट्टा अडवायच्या आधीच अंग पुढे निघालेलं असतं, आणि डोकं तेवढंच जास्त पुढे जाऊन पुढच्या सीटच्या पाठीवर आपटण्याचा धोका वाढतो. वर लेबलावर कितीही चांगला नियम छापलेला असो.

दुरुस्तीचा प्रयत्न केला. कळीच्या खोबणीत बिस्किटाचा चुरा साचतो, तो मऊ ब्रशने काढला. मागे पट्ट्याला पीळ पडला होता तो सोडवला. बकल कोमट पाण्यात बुडवून हलवलं, आतला चिकटपणा गेला आणि खटका पुन्हा स्वच्छ वाजू लागला. तेल किंवा स्प्रे मारायचा नाही, पट्टे मशीनमध्ये धुवायचे नाहीत. बहुतेक कंपन्या या दोन्हीला मनाई करतात, कारण पट्ट्याच्या विणीची ताकद त्यात जाऊ शकते. बकल सुधारलं. पट्टा थोडे दिवस बरा चालला आणि पुन्हा होता तसा झाला. सुटा हार्नेस मागवावा म्हटलं तर त्या मॉडेलचे भाग येणं थांबलेलं होतं.

सीट सदोष होती असं मला म्हणायचं नाही. ताकदीने ओढला तर पट्टा धरून ठेवत होता, घसरत नव्हता. (घसरत असेल तर तारीख न बघता सीट बाद करा.) पण मूल रोज माझ्याच हातून सीटमध्ये बसत नाही. ज्या पट्ट्याला घरातल्या एकाच माणसाची ताकद पुरते, तो बाकीच्या वेळी सैलच असणार. तारीख हे सांगत नाही आणि तपासणीच्या कुठल्या यादीत मी हे वाचलेलं नाही.

नव्या सीटचा पट्टा एका हाताने, सावकाश येतो. किती जोर लागतो हे मोजण्याचं साधन माझ्याकडे नाही. आईने बसवलं तरी चिमटीत काही येत नाही, एवढं मला पुरेसं वाटलं. दुसरी सोय म्हणजे हेडरेस्ट उचललं की खांद्याचे पट्टे त्याच्याबरोबर वर जातात. जुनीत दर वेळी पट्टे मागून काढून वरच्या खाचेत ओवावे लागायचे आणि हे काम साहजिकच पुढच्या रविवारवर जायचं. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली, पुढे तोंड असताना रेषेत किंवा किंचित वर असावे लागतात. हेडरेस्टमुळे ते वेळच्या वेळी होतं.

नवीचे त्रास आहेत. ती आडमाप आहे. मागे तोंड करून लावली की पुढच्या सीटवर बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात, म्हणून घेण्याआधी आपल्याच गाडीत लावून बघा. वजनाला जड आहे. दोन गाड्यांत अदलाबदल करणाऱ्यांनी हे गंभीरपणे घ्यावं. खाली टेकू देणारा पाय असेल तर तुमच्या गाडीच्या फरशीखाली सामानाचा कप्पा आहे का ते पाहा, कारण पोकळ कप्प्याच्या झाकणावर तो पाय टेकवायचा नसतो. आणि नवे पट्टे सुरुवातीला कडक असतात, धाकट्याने पहिले काही दिवस कुरकुर केली.

तुमचा पट्टा लोण्यासारखा येत असेल, सीटची मागे तोंड करून बसण्याची मर्यादा ऐसपैस असेल आणि धाकटं तिच्यातून बाहेर पडेपर्यंत तारीख पुरत असेल, तर जुनीच ठेवा. त्यात काटकसर नाही, ते शहाणपणच आहे. बऱ्याचदा तारीख येण्याआधी मूलच सीटबाहेर वाढतं. मागे तोंड असताना डोक्याच्या वर सांगाड्याची जेमतेम अडीच सेंटीमीटर कड उरली की बहुतेक सीटची मर्यादा आली.

पण तारीख मध्येच संपणार असेल तर थांबण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. नवी तेव्हाही घ्यावीच लागेल, फक्त तोवर मूल मोठं झालेलं असेल आणि जास्त काळ मागे तोंड करून बसण्याचा जो फायदा नव्या सीटमध्ये आहे तो त्याच्या सगळ्यात नाजूक महिन्यांत त्याला मिळालेला नसेल. खर्च तोच, पण उपयोग उशिरा.

जुनी सीट आजी-आजोबांच्या गाडीत ठेवावी असं आमच्याही मनात आलं होतं. पण तो पट्टा ज्यांना ओढवत नाही, नेमक्या त्यांच्याच गाडीत ती जाणार होती. म्हणून ठेवली नाही, कुणाला दिलीही नाही. तुमचीही बाद करायची ठरली तर अख्खी बाहेर ठेवू नका, कुणीतरी उचलून वापरेल. कव्हर काढा, पट्टे कात्रीने मुळाशी कापा, सांगाड्यावर जाड मार्करने ‘बाद’ लिहा आणि मग प्लास्टिक आणि लोखंड वेगवेगळं करून टाका.